मंदीत काम गेलं: आधी हक्काचे पैसे, मग काम, नवं कर्ज सगळ्यांत शेवटी

प्रश्न: बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे सहा वर्षं आठ महिने मशीनवर होतो. मधात एकदा ठेकेदार बदलला. यंदा जानेवारीत ‘ऑर्डर नाही, मंदी आहे’ म्हणून आम्हाला घरी बसवलं, कागदावर सह्या घेतल्या. शेवटचा पगार बाकी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून 13,000 होते. गावी दोन एकर कोरडवाहू आहे, त्यावर सोसायटीचं पीककर्ज. बायकोच्या नावावर तीन फायनान्सची गटाची कर्जं, मिळून महिन्याला 7,800 चा हप्ता. भाऊ म्हणते, योजनेतून कर्ज काढून मालवाहू गाडी घे. पोरगी बारावीला आहे, तिचं पुढचं शिक्षण थांबवावं लागते काय असं वाटते. सरकार मंदीतून सावरायला पॅकेज देते म्हणतात, पण आमच्यापर्यंत काही येऊन नाही राह्यलं. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रात गाडीच्या कर्जाला महत्त्व मिळालं आहे आणि बाकी पगार एका ओळीत उरकला आहे. क्रम उलटा करा. तुमचं जे आधीच कमावलेलं आहे ते आधी वसूल करा, मग रोजगार हमीचं काम लेखी मागा, मग चालू हप्ते खाली आणा. नवं कर्ज या वर्षी नकोच.

पॅकेजचं आधी सांगतो. सरकारी पॅकेजमध्ये मोठा वाटा बहुतेक वेळा कर्जाचा आणि कर्जहमीचा असतो. मे 2020 मध्ये केंद्राने 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले 3 लाख कोटी म्हणजे लघुउद्योगांना बँकांनी द्यायचं हमीचं कर्ज होतं. रोजगार हमीला जादा मिळाले 40,000 कोटी. पण मजुराच्या हातात थेट पडला तो या दुसऱ्या रकमेतला पैसा. त्या वर्षी देशभरात 389 कोटी मनुष्यदिवस काम निघालं, आणि योजना सुरू झाल्यापासून तेवढं कधीच निघालं नव्हतं. मजुरीचा पैसा आठ दिवसांत गावच्या बाजारात फिरतो. किराणा, तेल, चप्पल, पोरांच्या वह्या, सायकलचं पंक्चर, सगळ्यांचा धंदा त्यावर हलतो. कर्जाच्या पैशातून दुकान उभं राहतं, पण गिऱ्हाइकाच्या खिशात काही नसेल तर ते बसतं. म्हणून मंदीनंतर कष्टकऱ्याला उभं करणारं सगळ्यांत भरवशाचं धोरण मजुरीचं आहे असं आमचं ठाम मत आहे, आणि ते धोरण तुमच्या गावात कायद्याने आधीच आहे. फक्त मागितल्याशिवाय ते हलत नाही.

आता कारखान्याचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तुम्हाला जानेवारीत काढलं, म्हणजे तुमचा हिशोब नव्या कायद्याने होईल. कामावरून कमी केल्यावर बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. ग्रॅच्युइटीचं सूत्र आहे शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षं सात. 13,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 7,500, आणि त्याची सातपट 52,500 रुपये. कामगार कपातीची भरपाई वेगळी असते. दर वर्षाला 15 दिवसांची सरासरी मजुरी, म्हणजे महिन्याचे 30 दिवस धरले तर साधारण 45,500. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिचे 13,000. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात 45 दिवसांत जमा व्हायचा नवकौशल्य निधी, पंधरा दिवसांच्या मजुरीइतका, म्हणजे 6,500 च्या आसपास. बेरीज करा, बाकी पगार सोडूनही लाखाच्या वर जाते. तुमच्या घरात आज दुसरीकडून एवढी रक्कम येण्याचा मार्ग नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, त्या सह्या. त्या कागदावर ‘स्वखुशीने राजीनामा’ लिहिलेलं असेल तर ठेकेदार म्हणेल की ही कपातच नाही, भरपाई कसली. (राजीनामा असला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही, हे लक्षात ठेवा.) म्हणून उशीर न करता रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा: अमुक तारखेला मंदीचं कारण सांगून काम बंद केलं, मजकूर न समजावता सह्या घेतल्या, मी राजीनामा दिलेला नाही, माझी देणी द्या. एक प्रत ठेकेदाराला, एक कारखान्याच्या व्यवस्थापनाला. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून दोघांनाही लिहायचं. दुसरी अडचण बदललेल्या ठेकेदाराची. नवा म्हणेल, माझ्याकडे नोकरी अमुक वर्षापासूनच. इथे वाद होणार हे धरून चला. त्यासाठी पीएफचं पासबुक काढा. त्यात महिन्यागणिक कोणी किती भरलं ते दिसतं आणि सलग नोकरीचा तेवढा पक्का पुरावा दुसरा नसतो. पगारपत्रकं, ईएसआयचं कार्ड, गेटपास, जे असेल ते जोडा.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. शक्य असेल तर सोबत काढलेले सगळे मिळून द्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची सोय आहे. तहसीलच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करता येतो, हेल्पलाइन 15100. आणि त्याच पत्रात आणखी एक ओळ घाला: कपातीनंतर वर्षाच्या आत पुन्हा भरती केली तर काढलेल्यांना आधी बोलवायचं, हा तुमचा हक्क आहे, तेव्हा तुमचा गावचा पत्ता आणि फोन नोंदवून घ्यावा. मंदी ओसरून ऑर्डर आल्या की कारखाना नवी, कमी पगाराची पोरं घेतो. तुमची मागणी लेखी नसेल तर तुम्हाला ते कळणारही नाही.

पीएफ सगळा एकदम काढू नका. काम गेल्यावर 75 टक्क्यांपर्यंत काढता येतो, पण त्यातलं पेन्शनचं खातं तोडू नका. दहा वर्षं भरली की पेन्शन लागते, तुमची साडेसहाच्या वर झाली आहेत. पुढे कुठेही लागलात तर तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या. दावा अडतो तो बहुतेक दोन कारणांनी: आधारवर आणि पीएफमध्ये नाव किंवा जन्मतारीख वेगळी, नाहीतर ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. ती तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःही भरता येते.

आता गावातलं काम. तुमच्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जात होते. जुनी पगारपत्रकं काढून बघा. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये हा कर बसवला गेला. वर्षाला अडीच हजार रुपये तुम्ही याच कामासाठी भरत आलात. तेव्हा कारखान्यात मशीन चालवलं आणि आता मातीकामावर कसं जाऊ, असा संकोच मनात असेल तर तो काढून टाका.

कायद्यात सध्या बदल होतो आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात घरटी 100 ऐवजी 125 दिवसांची हमी आहे, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याचा अधिकार राज्याला आहे. आपल्याकडे याचा अर्थ असा की पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कामाचा भरवसा धरू नका. होळीपासून जूनपर्यंतचे जे कोरडे महिने आहेत, त्यातच जास्तीत जास्त दिवस काढून घ्या. अर्जाची पद्धत दोन्ही कायद्यांत सारखीच आहे: मागणी लेखी, पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता.

जॉबकार्ड नसेल तर आधी ते. मग नमुना 4 मध्ये, म्हणजे काम मागायच्या अर्जात, तुमची आणि तुमच्या मंडळीची, दोघांची मागणी, किमान सलग चौदा दिवसांची, कोणत्या तारखेपासून ते लिहून. आणि तारखेची पोच. पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठायचं नाही, कारण सगळा हक्क तिथून सुरू होतो. पोचेच्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा आणि नंतर अर्धा हिस्सा भत्ता द्यावा लागतो. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर रोज 312 रुपये आहे, म्हणजे 78 आणि नंतर 156. हा भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो, त्यामुळे कोणालाच तो लागू होऊ द्यायचा नसतो, आणि म्हणून ‘अर्ज ठेवून जा, काम निघालं की सांगतो’ असं तोंडी सांगितलं जातं. ग्रामरोजगार सेवक पोच देत नसेल तर तोच अर्ज तहसील कार्यालयाच्या किंवा पंचायत समितीच्या आवक शाखेत द्या, तिथे शिक्का मिळतो. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो. दहा-पंधरा घरांनी एकाच दिवशी दिला तर हजेरीपत्रक काढावंच लागतं.

काम निघालं म्हणजे 312 हातात पडतील असं मात्र नाही. आपल्याकडे मजुरी मोजमापावर निघते. आठवड्याअखेर तांत्रिक सहायक येऊन खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजतो आणि त्यावर गटाची मजुरी वाटली जाते. कमी मजुरी पडते ती तीन कारणांनी. जमीन कठीण मुरमाची असते आणि पुस्तिकेत साधी माती लिहिली जाते. माती लांब नेऊन वर टाकलेली असते, पण लीड-लिफ्टचा, म्हणजे अंतर आणि उंचीचा, जादा दर लावलेला नसतो. किंवा माप उशिरा घेतलं जातं आणि तोवर खड्ड्याच्या कडा ढासळलेल्या असतात. उपाय एकच: रोज संध्याकाळी गटातल्या एकाने टेप लावून माप वहीत लिहायचं, आणि मधे मोजणीसाठी सोडलेला मातीचा ठोकळा माप होईपर्यंत फोडायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मजुरी कमी निघाली तर लगेच लेखी द्या. चार आठवडे गेल्यावर जागेवर काही दाखवता येत नाही. हजेरी मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून लागते. एक फोटो चुकला तर तो दिवस बुडू शकतो, म्हणून दोन्ही वेळा फोटोत आहोत ना, ते बघा.

मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि इथे फार जणांचा घोटाळा होतो. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकात जात नाहीत. ज्या खात्याशी आधार सगळ्यांत शेवटी जोडलं गेलं, त्यात जातात. सिम कार्ड घेताना कोणी अंगठा घेऊन उघडलेलं खातं असू शकतं, किंवा फायनान्सवाल्यांनी कर्ज देताना उघडलेलं. मंडळीचे लाडकी बहीणचे 1,500 कुठे येतात ते बघा. तेच त्यांचं आधारचं खातं. तुमचं बँकेत जाऊन विचारा: ‘माझं आधार एनपीसीआयवर कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?’ नको असलेलं असेल तर चालू खात्यासाठी नवीन संमतीपत्र भरून द्या, काम सुरू होण्याच्या आधी.

हप्त्यांचं दुखणं मोठं आहे. दोघांनी महिन्याचे वीस दिवस पूर्ण दराने काम केलं तरी 12,480 येतात. रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे की सूक्ष्म कर्ज, म्हणजे तुमच्या गटाच्या कर्जासारखं छोटं बिनतारण कर्ज, देताना घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. एवढ्या उत्पन्नाला ती मर्यादा 6,240 होते आणि तुम्ही 7,800 भरता. हा नियम कर्ज देतानाचा आहे, काम गेल्यावर हप्ता आपोआप कमी होत नाही. पण मुदत वाढवून मागायला तो भक्कम आधार आहे. हप्ता थकायच्या आत तिन्ही शाखांना वेगवेगळा अर्ज द्या: काम गेल्याची तारीख, आजचं उत्पन्न, किती भरू शकतो ती रक्कम, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती. पुन्हा पोच घ्या. तिसऱ्याचं फेडायला चौथं काढू नका. गावोगावी घरं बुडतात ती बहुतेक तिथेच.

वसुलीवाले सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ करू शकत नाहीत, नातेवाइकांना धरू शकत नाहीत, चारचौघांत नाव लावू शकत नाहीत. दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. त्रास झाला तर कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोन 14448, फुकट. गटातल्या बाकी बायांवर बोजा पडतो आणि भांडणं लागतात, म्हणून मंडळीने गटात आधीच मोकळेपणाने सांगून ठेवलेलं बरं.

महाग कर्ज स्वस्तात बदलायची एक वाट आहे. मंडळी ‘उमेद’च्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात असतील आणि गट पंचसूत्रीने चालत असेल, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, तर गटाला बँकेतून 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळतं. फायनान्सचा दर वीसच्या वर असतो. गावातल्या सीआरपी ताईंना, म्हणजे उमेदच्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीला, विचारून गटातून तेवढीच रक्कम उचला जेवढ्यात सगळ्यांत महाग कर्ज पूर्ण बंद होईल. मुदतीआधी सूक्ष्म कर्ज फेडायला दंड लागत नाही. आणि त्या पैशातून एक रुपयाही घरखर्चाला नको.

पीककर्ज थकू देऊ नका. मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि जूनच्या पेरणीला नवं कर्जही मिळत नाही. कारखान्याचे पैसे आले की पहिला हात इथे घाला.

रेशनचं एक बघा. केशरी कार्डावर तुम्ही प्राधान्य यादीत असाल तर माणशी 5 किलो धान्य मोफत आहे. नसाल आणि नावावर सातबारा असेल, तर यवतमाळ त्या चौदा जिल्ह्यांत आहे जिथे शेतकरी कुटुंबाला धान्याऐवजी माणशी दरमहा 170 रुपये खात्यात मिळतात. प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44,000 आहे, म्हणजे महिन्याला 3,700 सुद्धा नाही. ती अन्यायकारक आहे, कारण मंदीत काम गेलेलं घर तीत बसेपर्यंत पार खचलेलं असतं. ती वाढवण्याचा ठराव ग्रामसभेने करून पाठवायला हवा. 1 मे ची ग्रामसभा त्याला योग्य आहे, आणि त्याच सभेत पावसाळ्याआधीची पाणंद रस्त्याची आणि बांधबंदिस्तीची कामं मंजूर आराखड्यात आहेत का तेही विचारा. आराखड्यात कामच नसेल तर मागणी करूनही ‘काम नाही’ असं उत्तर मिळतं.

गाडीचं थोडक्यात. रोजगारनिर्मितीच्या योजनांत गावाकडे 25 ते 35 टक्के अनुदान आहे हे खरं, पण ते हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत कर्जाच्या बाजूला पडून राहतं, आणि मधे हप्ते थकले की गेलं. आपल्याकडे मालवाहू गाडीला भाडं कापूस निघतो त्या चार महिन्यांत. आत्ता घेतली तर पहिले हप्ते मे-जूनमध्ये, पोतंभर मालही हलत नसताना येतील. विमा, टायर, पासिंग वेगळं. भावाचा हेतू चांगला आहे, पण हे पुढच्या दिवाळीनंतर बघा, तेही फायनान्सचं एक तरी कर्ज बंद झाल्यावर.

मुलीचं शिक्षण थांबवू नका, त्याची गरजच नाही. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असावं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून घेतलेला असावा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा दारात येऊन जागा देतो म्हणणाऱ्या दलालाला नाही म्हणा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर 1 एप्रिलनंतर काढा. आधी काढलेल्यांची मुदत 31 मार्चला संपते आणि पैसे वाया जातात. पण जूनपर्यंतही थांबू नका, निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि दाखला हातात येईपर्यंत पहिली फेरी निघून जाते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज टाकला तर मे मध्ये कागद घरात असतील.